तुकोगंजातील मराठी रहिवाशांना जाहीर आवाहन



इंदूरच्या आपल्या तुकोगंजात जुने बंगले पडताहेत, मल्ट्या म्हणजे बहुमजली इमारती उठताहेत. त्या बांधणारे हात बहुतेक झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडचे. भिल्ल आणि भिलाला कुटुंबांचे. मका-सोयाबीन निघालं की ही माणसं येतात, होळीआधीच्या भगोऱ्याच्या जत्रेला गावी जातात, होळीनंतर परततात आणि आभाळ भरून आलं की पेरणीसाठी पुन्हा गाव गाठतात.

ही ये-जा जुनीच. बिघडलाय तो पाऊस. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. उताराच्या उथळ जमिनीत असा पाऊस मुरत नाही, मातीच घेऊन जातो. मध्ये खंड पडला की दुबार पेरणी. मग बियाण्याचं कर्ज फेडायला बाईमाणसं तान्ह्या पोरांसकट साइटवर येतात.

इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ पासून मिळतंय. निमाडातल्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून ते आपल्यासाठी वर चढवलं जातं. त्याच निमाडाकडून वर आलेल्या माणसाला इथे प्यायला काय मिळतं? सिमेंट कालवायच्या टाकीतलं पाणी, दुपारी चहाइतकं गरम. चूल लिफ्टच्या खड्ड्याशेजारी, पोर साडीच्या झोळीत, आणि बायकांना आडोशाला जायचं तर अंधार पडायची वाट बघायची. ‘हे लोक घाण करतात’ ही तक्रार रहिवासी संघाच्या बैठकीत हमखास निघते. संडास बांधून द्या, असं म्हणणारा मात्र विरळा.

नव्या मल्टीत तुम्ही फ्लॅट बुक केला असेल, तर बिल्डर तुमचं ऐकतो. त्याला सांगा: एप्रिल-मेमध्ये काम सकाळी सहाला सुरू करा, दुपारी बारा ते चार बंद ठेवा, मजुरी कापू नका. पिण्याच्या पाण्याचे माठ, पोरांसाठी सावली आणि बायकांसाठी आतून कडी लागणारा संडास. यात कुठल्याही बिल्डरचं दिवाळं निघत नाही.

निवृत्त मंडळींकडे आणखी एक मागणं. या मजुरांचं गावाकडचं रेशन कार्ड ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत इंदुरातही चालतं. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना त्यांचा वाटा गावात उचलता येतो. पण अनेक मजुरांना हे ठाऊक नसतं. एक सकाळ काढा, या मजुरांबरोबर रेशन दुकानापर्यंत जा. शाळेचंही तसंच. जुन्या शाळेचा दाखला नाही किंवा वर्ष अर्धं सरलं, म्हणून पोराला प्रवेश नाकारता येत नाही, असं २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. हे मुख्याध्यापकांना ऐकवायला आपल्याकडे निवृत्त शिक्षिकांची वानवा नाही.

या माणसांसाठी ‘बाहेरचे’ हा शब्द मात्र आपण जरा जपून वापरावा. आपल्यातली कितीतरी घराणी होळकरांच्या चाकरीसाठी दक्षिणेतून इथे आली. त्यांना वाडे मिळाले, या मजुरांना ताडपत्री.

मार्च संपायच्या आत संघाच्या बैठकीत हा विषय घ्या. आणि बैठकीची वाट न पाहता, शेजारच्या साइटवरच्या ठेकेदाराशी उद्याच बोला.

आपले,
तुकोगंजातील काही शेजारी