इलेक्ट्रॉनिक्सचा पत्राद्वारे कोर्स : प्रमाणपत्र मिळेल, पण पडताळणीत टिकेल का?

दहावी-बारावीचे निकाल लागले की होटगीसारख्या गावांत एक प्रश्न हमखास येतो : घरबसल्या इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स करावा का? गाव रेल्वेचे जंक्शन, परिसरात सिमेंटचे कारखाने, जवळच फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा वीजप्रकल्प. तांत्रिक काम डोळ्यांसमोर आहे. पण मुलगा मजुरीला जातो, मुलीला रोज सोलापूरला पाठवायला घर तयार नसते. मग जाहिरातीतला कोर्स सोयीचा वाटतो.

पैसे भरण्याआधी एक निकाल माहीत हवा. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणातून दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांना चाप लावला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली. त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्द झाल्या. संस्था चुकली, भोगले विद्यार्थ्यांनी.

आपल्यासाठी हे नुकसान दुहेरी आहे. अमान्य प्रमाणपत्रामुळे कागदपत्र पडताळणीत नाव कटते आणि राखीव जागेवर 'पात्र उमेदवार मिळाला नाही' असा शेरा बसतो. घरच्यांनी काढलेले कर्ज मात्र फेडावेच लागते.

मग असे कोर्स निव्वळ वाया का? नाही. मोबाइल किंवा टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली काम करणाऱ्याला सर्किटची आकृती वाचायला, मापनाचा हिशेब समजायला त्यांचा उपयोग होतो. पण सोल्डरिंग आणि मल्टिमीटर लावून बिघाड शोधणे पुस्तकातून हाताला येत नाही. म्हणून ज्ञानासाठी, कमी पैशांत, हाताशी काम असेल तरच घ्यावा. नोकरीसाठी आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेड आणि त्यानंतर अ‍ॅप्रेंटिसशिप हाच भरवशाचा मार्ग. मान्यताप्राप्त संस्थेत शिकणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही मिळते.

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात अस्पृश्य तरुणांना सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी मिळावी, अशी मागणी केली होती. कारखान्यात उभे राहून मिळणारे कौशल्य त्यांना हवे होते.

प्रत्येक विहार समितीने प्रवेशाच्या दिवसांत एक मदत टेबल लावावे. तिथे तीनच गोष्टी तपासाव्यात : मान्यता कोणाची, प्रात्यक्षिक कुठे, आणि हे प्रमाणपत्र कोणत्या भरतीत चालते. तिन्ही उत्तरे लेखी मिळत नसतील तर एक रुपयाही भरू नये. आणि मुलींच्या घरी जाऊन, सोलापूरच्या आयटीआयला एकत्र जाणाऱ्या चार-पाच जणींचा गट बांधावा. त्यांचा प्रवेश अडतो तो बहुधा प्रवासावर.

जय भीम!