पॅडल खाली गेले, बिघाड कुठे शोधायचा?



लग्नसराई आली की अंगणात झाकून ठेवलेल्या जुन्या गाड्या बाहेर निघतात. वडिलांच्या काळातली मारुती ८०० वर्षातून चार-सहा वेळाच चालते, म्हणून ती ‘चांगली राहिली आहे’ असे आपण समजतो. ब्रेकचे गणित मात्र उलटे आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि गाडी उभी असली तरी ते चालूच राहते. आतून गंज धरतो, रबरी वायसर कडक पडतात आणि एक दिवस पॅडल थेट तळाला जाते.

अशा वेळी गल्लीतला ठरलेला सल्ला म्हणजे, "ऑइल भरा आणि हळूहळू गॅरेजला न्या." हे कुणी ऐकू नये. ब्रेक ऑइल पेट्रोलसारखे खर्च होत नाही. पॅड झिजले की डबीतली पातळी जराशी उतरते, तेवढेच. डबी रिकामी झाली असेल तर ऑइल कुठून तरी बाहेर गेले आहे, आणि नवे भरलेलेही तिथूनच जाणार.

म्हणून पहिली नजर डबीवर. पातळी उतरली असेल तर चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल शोधा. मागचे व्हील सिलेंडर गळत असेल तर ऑइल आधी ड्रममध्ये साठते. टायरच्या आतल्या बाजूला काळसर ओघळ दिसेपर्यंत लायनर भिजलेले असतात. पुढच्या चाकांजवळचे रबरी होज वाकवून पाहा, भेगा असतील तर कळतील. कुठेच ओल नाही? मग मास्टर सिलेंडर बूस्टरला जिथे जोडले आहे तिथे मेकॅनिकला बघायला सांगा. तिथले ऑइल बूस्टरच्या आत उतरते, जमिनीवर थेंबही पडत नाही.

पातळी बरोबर आणि तरी पॅडल बुडते, हा खरा फसवा प्रकार. गाडी उभी ठेवून, इंजिन चालू करून पॅडलवर सारखा दाब ठेवा. पाय हळूहळू खाली सरकत राहिला तर बहुधा मास्टर सिलेंडरचे वायसर गेले. पॅडल स्पंजासारखे लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. हवा काढताना पॅडलखाली लाकडी ठोकळा ठेवायला सांगा. जुन्या सिलेंडरच्या तळाकडे गंज असतो आणि पॅडल पूर्ण दाबले तर चांगले वायसरही फाटतात.

असीरगडच्या घाटात ब्रेक गेले आणि गाडी थंड झाल्यावर परत आले, तर ऑइल उकळलेले असू शकते. डॉट ३ ऑइल नवे असताना निदान २०५ अंशांपर्यंत टिकते, पाणी मुरल्यावर ती मर्यादा १४० च्या आसपास येते. ते दर दोन वर्षांनी बदलावे, गाडी चालो वा न चालो.

रस्त्यात पॅडल गेलेच तर ते भराभर पंप करा, गिअर एकेक करून उतरवा आणि हँडब्रेक बेताबेताने ओढा. तो तारेवर चालतो, ऑइलवर नाही. गाडी थांबल्यावर दोर बांधून टोचन करू नका, मागच्या गाडीला ब्रेकच नसतो. मेकॅनिकलाच तिथे बोलवा.