अमेरिकेतल्या मुलांना तुमच्या आजारपणासाठी पगारी रजा मिळते का?

मुलगा न्यू जर्सीत, मुलगी टेक्सासमध्ये आणि खुब्याचे हाड मोडलेली आई पुण्यात. अशा घरात पहिला प्रश्न ऑपरेशनचा असतो आणि पाठोपाठ दुसरा, ‘कोण येणार?’ त्याचे उत्तर पुष्कळदा मूल कोणत्या राज्यात नोकरी करते यावर ठरते. अमेरिकेत अनेक राज्यांत पगारी कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेच्या विधेयकांवर वाद झाले आहेत. तुमचे कोणी तिथे असेल, तर या वादाचा तुमच्याशी थेट संबंध आहे.

आधी तिथला केंद्रीय कायदा पाहू. 1993 चा एफएमएलए कायदा वर्षाला 12 आठवड्यांची रजा देतो. त्या काळात नोकरी टिकते, कंपनीचा आरोग्य विमाही चालू राहतो, पण पगार मिळत नाही. शिवाय कंपनीत 50 माणसे हवीत, तिथे वर्षभर नोकरी झालेली हवी आणि मागच्या वर्षात 1250 तास काम भरलेले हवे. आईवडील या कायद्यात आहेत, सासू-सासरे नाहीत. आपल्याकडे शुश्रूषा बहुधा सुनेच्या वाट्याला येते, म्हणून हे आधीच माहीत असलेले बरे.

पगाराची सोय राज्यांनी केली. कॅलिफोर्नियाने 2002 मध्ये कायदा केला आणि 2004 पासून पैसे देणे सुरू केले. 2025 अखेरपर्यंत 13 राज्ये आणि वॉशिंग्टन डी.सी. यांनी असे सक्तीचे कायदे केले होते, मात्र काही ठिकाणी पैसे मिळणे नंतर सुरू व्हायचे होते. न्यू जर्सीत 12 आठवडे सुमारे 85 टक्के पगार मिळतो, न्यूयॉर्कमध्ये 12 आठवडे 67 टक्के, दोन्हीकडे वरची मर्यादा ठेवून. कॅलिफोर्नियात 8 आठवडे मिळतात. या तिन्ही राज्यांनी सासू-सासऱ्यांनाही कुटुंबात धरले आहे. टेक्सासमध्ये खासगी नोकरदारांसाठी अशी सक्तीची योजना नाही.

व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने 2024 आणि 2025 मध्ये असे विधेयक मंजूर केले, पण तेव्हाचे गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी दोन्ही वेळा व्हेटो वापरला. पेनसिल्व्हेनियात ‘फॅमिली केअर ॲक्ट’ नावाने विधेयक मांडले गेले. विरोधकांचा मुख्य मुद्दा लहान व्यावसायिकांवरच्या भाराचा असतो. तो अगदीच पोकळ नाही. रजेचे पैसे निधीतून आले तरी चार माणसांच्या दुकानातला एक जण तीन महिने गेला, तर त्याचे काम कोण करणार? तरीही डॉक्टर म्हणून माझा कल रजेकडे आहे. घरी सांभाळायला माणूस नसेल, तर उत्तम झालेले ऑपरेशनही वाया जाऊ शकते.

रुग्ण भारतात असला तर? एफएमएलएच्या नियमांनुसार दुसऱ्या देशात राहणाऱ्या रुग्णासाठी त्या देशातल्या डॉक्टरचे सर्टिफिकेट कंपनीला स्वीकारावे लागते. न्यूयॉर्कच्या योजनेतही आजारी नातेवाईक देशाबाहेर असला तरी चालतो, मात्र रजा घेणाऱ्याने त्याच्याजवळ असायला हवे. तिथे बसून फोनवरून चौकशी करण्यासाठी ही रजा नाही.

खरी अडचण आमच्या सर्टिफिकेटमध्ये येते. ‘रुग्णाला 15 दिवस विश्रांतीचा सल्ला दिला आहे’ ही आम्हा डॉक्टरांची ठरलेली ओळ मुलाच्या काही कामाची नाही, कारण ती फक्त रुग्णाविषयी बोलते. आजार कधी सुरू झाला, साधारण किती काळ चालेल, रुग्णाला उठणे, चालणे, आंघोळ यात दुसऱ्याची मदत का लागते आणि ती किती दिवस लागेल, हे त्यात लिहिलेले हवे. मुलाला कंपनीकडून छापील फॉर्म मागवायला सांगा आणि तोच डॉक्टरांकडे न्या. एफएमएलएखाली तो भरून द्यायला किमान 15 दिवसांची मुदत असते. नुसते वय झाले, एकटे वाटते, यावर ही रजा मिळत नाही. रुग्णालयात रात्रभर राहावे लागलेला आजार, किंवा डायलिसिस, केमोथेरपीसारखे चालू उपचार यात बसतात. अशा उपचारांसाठी रजा तुकड्यातुकड्यांनीही घेता येते.

रजा कधी घ्यायची, हेही ठरवा. बातमी कळताच मुले विमान पकडतात आणि पहिले दहा दिवस आयसीयूबाहेरच्या बाकावर जातात. ती ओढ मला समजते. पण खुब्याच्या ऑपरेशननंतर माणसांची सर्वांत जास्त गरज डिस्चार्जनंतर लागते. वॉकर धरून चालणे, रात्री संडासला नेणे, फिजिओथेरपी, गोळ्यांच्या वेळा. पक्षाघातात तर पहिल्या तीन महिन्यांतल्या व्यायामाला फार मोल आहे. शक्य असेल तर दोन भावंडांनी एकाच वेळी न येता पाठोपाठ यावे.

आणि जवळ राहणारी मुलगी? ती चाकणच्या कंपनीत असेल तर तिला आईच्या आजारपणासाठी वेगळी पगारी रजा देणारा कायदा आपल्याकडे नाही. ईएसआयमध्ये पगार बसत असेल तर ती स्वतः आजारी पडल्यावर वर्षात कमाल 91 दिवस, सरासरी वेतनाच्या सुमारे 70 टक्के रक्कम मिळते. आई तिच्यावर अवलंबून असेल तर आईचे उपचार होतात, पण शुश्रूषेच्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, ती मुलांसाठी. आईवडिलांच्या म्हातारपणाचा विचार आपल्या रजेच्या नियमांनी फारसा केलेलाच नाही, आणि त्यामुळे कोणाची नोकरी सुटते हे मी दवाखान्यात पाहतो. बहुतेक वेळा घरातल्या बाईची.

तोवर एक करा. अमेरिकेतल्या मुलासाठी सविस्तर पत्र घेताना त्याच मजकुराचे दुसरे पत्र इथल्या मुलीच्या किंवा सुनेच्या कंपनीसाठीही मागून घ्या. कंपनीवर त्याचे बंधन नाही. पण किती आठवडे माणूस लागणार हे कागदावर आले की साठलेली रजा, पाळी बदलणे किंवा काही दिवस घरून काम, यावर तिला बोलता येते. डिस्चार्जच्या गडबडीत हे राहून जाते, म्हणून आदल्या दिवशीच मागा.