ओटीवरचे सांबरशिंग आणि शिकारीचे कथन

रत्नागिरी जिल्ह्यातील जुन्या घरांच्या ओटीवर किंवा पडवीत, लाकडी फळीवर बसविलेली सांबराची शिंगे आजही क्वचित दृष्टीस पडतात. कोठे त्यांना छत्री अडकविलेली असते, कोठे पंचा. शिंगाचा एखादा तुकडा फडताळात निराळा जपलेला असतो. सहाणेवर उगाळून त्याचा लेप लावण्याचा परिपाठ घरगुती औषधोपचारात जुना आहे. खुंटी, औषध आणि शोभा असे एकाच वस्तूचे हे तीन उपयोग. कथा मात्र यांपैकी एकालाच चिकटलेली दिसते. भिंतीवरच्या शिंगाविषयी विचारले असता आजोबा-पणजोबांची ठासणीची बंदूक आणि एकाच बारात कोसळलेले जनावर यांची हकिकत ऐकावयास मिळते. ही हकिकत मौखिक वाङ्मयाचा एक प्रकार म्हणून अभ्यासिली गेली पाहिजे. परंतु ती पिढीजात आहे एवढ्यावरून तिला प्रमाण मानणे योग्य होणार नाही.

पहिली अडचण वस्तूचीच आहे. मराठीत बैलाचे आणि सांबराचे दोन्ही शिंगच; वस्तुतः त्यांची जात भिन्न आहे. बैलाचे शिंग म्हणजे हाडावरचे, नखासारख्या द्रव्याचे टोपण. ते जन्मभर टिकते. सांबराचे शिंग स्वतःच हाड असते, केवळ नराला येते, सामान्यतः दरवर्षी गळून पडते आणि मखमली कातडीखाली पुन्हा वाढते. त्यामुळे फळीवरून उतरवून शिंगाचा बुंधा पाहिला, तर बरेच काही उलगडते. कवटीचा भाग जोडलेला असेल, तर ते मेलेल्या जनावराचे. बुंधा खडबडीत आणि तळाशी मोकळा असेल, तर ते गळालेले, म्हणजे रानात वेचलेले असण्याचा संभव अधिक. एवढी साधी तपासणी काही पराक्रमकथांना बरीच गैरसोयीची ठरेल! तथापि, वेचलेल्या शिंगाभोवती बंदुकीची कथा रचली गेली असेल, तर वाङ्मयाच्या अभ्यासकाला ती खऱ्या शिकारीच्या कथेहून अधिक मोलाची वाटावयास हवी. त्या घराला अशा कथेची गरज का भासली, हा प्रश्न तेथे उपस्थित होतो.

शिकारीचे चिन्ह घराची प्रतिष्ठा वाढविते, ही कल्पना आपल्या वाङ्मयात सनातन आहे असेही नाही. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात उदाहरणादाखल घेतलेल्या एका प्राकृत गाथेत, व्याधाच्या घरी हस्तिदंत आणि व्याघ्रचर्म विकत घ्यावयास वाणी आलेला आहे. घरात रूपवती सून वावरत असता या वस्तू आमच्याकडे कोठून असणार, असे म्हातारा व्याध त्याला सुनावतो. मुलगा शिकारीला जातच नाही, हे त्यातले व्यंग्य. येथे दात आणि कातडे हा निव्वळ विकावयाचा माल आहे. तो भिंतीवर मिरविण्याची कल्पना त्या व्याधाच्या घराला ठाऊक नाही. गाथासप्तशतीत तर बाणासमोर एकमेकांना वाचवू पाहणारे हरणांचे जोडपे पाहून व्याध धनुष्य खाली टाकतो. स. आ. जोगळेकरांच्या १९५६ च्या संपादनामुळे हे भांडार मराठी वाचकाला सुलभ झाले असूनही, शिकारकथेचा विचार करताना त्याचे स्मरण क्वचितच केले जाते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. सह्याद्रीच्या उतारावरील दाट रानात हाकाऱ्याची शिकार एकट्या बंदूकवाल्याची नसते. खालून ओरडत, डबे-ढोल वाजवीत, काट्याकुट्यांतून सावज उठविणारी माणसे त्यासाठी लागतात. ओटीवरच्या कथेत ती ‘हाकारा घातला’ अशा एका कर्तृहीन वाक्यात विरून जातात. खोती गावात खोताच्या शिकारीस हाकाऱ्याला येण्याचे कुळाने नाकारणे कितपत शक्य होते? खोत कुळांकडून वेठ घेत, हे इतिहासाला ठाऊक आहे. त्या पद्धतीच्या निर्मूलनासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली विधेयक मांडले आणि कायदा झाला तो १९४९ साली. ज्या ओटीसमोर कूळ अंगणात उभे राही, त्याच ओटीवरचे शिंग त्याच्या दृष्टीने काय सांगत असेल, याचे कथन कोणी टिपून ठेवल्याचे आढळात नाही. गावपारधीची गोष्ट वेगळी. तेथे मांसाचे वाटे पडत आणि हाकारे घालणाराही वाटेकरी असे. शिंगाचे मात्र वाटे पडत नाहीत. ते कोणाच्या घरी गेले, एवढा एक प्रश्न विचारला तरी गावाची रचना उघड होऊ शकेल.

मराठी साहित्यात रान आले ते बहुतांशी विदर्भातून. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्ली यांचे समग्र लेखन ही त्याची ठळक उदाहरणे. वनाधिकारी म्हणून वावरताना चितमपल्लींनी रानातल्या माणसांकडून शब्द वेचले, म्हणून ते भाषेत टिकले. कोकणच्या प्रादेशिक कादंबरीने आगर, खाडी, वाडी आणि भाऊबंदकी यांना जेवढी जागा दिली, तेवढी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या रानाला दिली नाही. भेकर आणि पिसोरी ज्यांच्या परसापर्यंत येत, त्या संगमेश्वर-चिपळूण-खेडच्या वाड्यांमधील पारधीची बोली शब्दकोशांत शोधू गेल्यास हाती अल्पच लागेल.

आता वेळही थोडा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिंगांचा समावेश नियंत्रित वस्तूंत केला. २००३ च्या नियमांनी अघोषित वस्तू जाहीर करण्यास १८० दिवसांची मुदत दिली. ती केव्हाच संपली. मालकीचे प्रमाणपत्र असलेले शिंग विकता येत नाही. ते वारशानेच पुढे जाऊ शकते आणि वारसाने ९० दिवसांत तसे घोषित करावयाचे असते. हा कायदा आवश्यकच आहे. सांबराच्या बाजूने बोलणारे दुसरे कोण आहे? परंतु त्याच्या नोंदीत वारसाचे नाव येते, हाकाऱ्याचे येण्याचे कारण नाही. ते टिपण्याचे काम मराठी विभागांचे आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी लोकसाहित्याच्या प्रकल्पांत ओव्या आणि उखाणे यांच्या जोडीला पारधीच्या हकिकती घ्याव्यात, आणि ओटीवरची हकिकत टिपली की त्याच गावातल्या खालच्या वाडीतही जावे. हाकाऱ्याला गेलेली माणसे आज फार वृद्ध असतील. काही ठिकाणी केवळ त्यांची मुलेच भेटतील.