काकडीच्या आकाशाची राखण

कोपरगाव तालुक्यातील काकडीच्या माळावर १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले. पुढे २०१९च्या अखेरीस कमी दृश्यमानतेमुळे तेथील उड्डाणे कित्येक दिवस बंद पडली, तेव्हा वैमानिकाला नजरेपलीकडचा आधार किती अगत्याचा असतो, याचा प्रत्यय साऱ्या पंचक्रोशीला आला. त्या आधारांपैकी एक म्हणजे सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून येणारा जीपीएसचा संकेत. परंतु भूमीवर पोहोचेतो तो इतका क्षीण होतो, की मुठीत मावणारे जॅमरही त्याला बुडवू शकते.

त्याहून घातक प्रकार हुबेहूब पण खोट्या संकेताचा. नोव्हेंबर २०२५मध्ये तो दिल्लीच्या विमानतळाजवळ घडला, आणि मुंबईसह अन्य विमानतळांवरही व्यत्यय आल्याचे सरकारने संसदेत सांगितले.

यामागे शत्रूचाच हात असावा लागतो असे नाही. अमेरिकेत नेवार्क विमानतळावरील उपग्रहाधारित यंत्रणेत एका वाहनचालकाच्या जॅमरने अडथळा आणला. मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये एवढाच त्याचा हेतू होता, तरी २०१३मध्ये त्याच्यावर ३१,८७५ डॉलरांच्या दंडाची नोटीस निघाली. आपल्याकडे वाळू-मुरूम वाहणाऱ्या गाड्यांना जीपीएस सक्तीचे आहे. तोच मोह गोदाकाठी कोणाला होणारच नाही, असे गृहीत धरून स्वस्थ बसणे मला धोक्याचे वाटते. परवानगीवाचून जॅमर वापरणे बेकायदा आहेच. पण गुन्हा उमगल्यावाचून कायदा काय करणार?

तो उमगण्याचे एक साधन जमीनमोजणीच्या कामात आधीच रुजू आहे. हद्द कायम करण्यासाठी भूकरमापक बांधावर उपग्रहांचे संकेत टिपणाऱ्या रोव्हरची काठी धरून उभा राहतो आणि पडद्यावर स्थान पक्के झाल्याचे ‘फिक्स’ उमटण्याची वाट पाहतो, तेव्हा त्याला सेंटिमीटरांची अचूकता पुरवणारी भारतीय सर्वेक्षण विभागाची ‘कॉर्स’ केंद्रे अहोरात्र तेच उपग्रह ऐकत असतात. केंद्र जागचे हलत नाही. म्हणून ते हलल्याचे आकडे दिसू लागले, अथवा सर्व उपग्रहांचे संकेत एकाएकी मंदावले, तर ती व्यत्ययाची वर्दी समजावी, आणि ती दफ्तरात न अडकता तत्काळ नियंत्रण मनोऱ्याकडे व पोलिसांकडे जावी, अशी तजवीज शासनाने केली पाहिजे. मात्र ही केंद्रे दूरदूर असल्याने लहान जॅमर त्यांच्या कक्षेत येणार नाही. यास्तव काकडीच्या धावपट्टीभोवती आणि तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गालगत स्वतंत्र शोधयंत्रे बसवावीत, व त्यांचा खर्च विमानतळाच्या विस्ताराच्या अंदाजपत्रकातच धरावा.