आधी पावती, मग बोधचिन्ह



कारखान्याचे बोधचिन्ह नवे करावे, फाटकावरचा फलक, पोती आणि लेटरहेड एकाच रंगात आणावे, अशी सूचना अधूनमधून सभासदांतून येते. सूचना वाईट नाही. परंतु आमचे स्पष्ट मत असे की, चित्राला हात घालण्याआधी सभासदाच्या हाती पडणारा कागद सुधारावा.

काट्यावरची पावतीच घ्या. भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन, सभासद कोड, गट, उसाची जात, वाहन नंबर, सगळे एकाच मापाच्या बारीक अक्षरांत. शेतकऱ्याला त्यात हवा असतो एकच आकडा, निव्वळ वजन. तो शोधायला चष्मा आणि नातू दोन्ही लागतात. शिवाय उष्णतेवर छापणारा कागद उन्हाने-घामाने पुसट होतो. बिल हाती येईतो पावती कोरी!

बिलाचेही तेच. कपाती आद्याक्षरांत किंवा कोड नंबरात. सोसायटीचे कर्ज किती, ठेव किती, तोडणी-वाहतूक किती, हे गट ऑफिसात जाऊन विचारायचे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज. पण बिल कोणत्या तारखांच्या उसाचे, हेच ठळक छापले नाही तर सभासदाने दिवस मोजायचे कुठून? कागद कळला नाही की शंका येते, आणि शंका आली की पहिले बोट काट्याकडे जाते. काटा चोख असूनही पारावर कारखान्याची बदनामी होते ती अशी.

वापरणाऱ्याचा हात पाहून वस्तू घडवावी, हा विचार आपल्याला परका नाही. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी मनापासून वाखाणला तो आपला लोटा. पाणी किती मावावे, तो डोक्यावर-कमरेवर कसा बसावा, ओतताना तोल कसा राहावा, हे सारे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून त्यात उतरले आहे. याच अहवालाच्या पाठोपाठ १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तर उमेदवारागणिक वेगळी मतपेटी होती आणि तिच्यावर चिन्ह होते. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आपले मत योग्य जागी टाकता यावे, एवढाच त्यामागचा हेतू.

आता बोधचिन्हाचे. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी सर्वांना ठाऊक आहे. ती जाहिरातीत आली १९६६ साली, आणि खेडा जिल्ह्याचा दूध संघ नोंदला गेला १९४६ साली. म्हणजे चित्राआधी वीस वर्षे दुधाचे माप, फॅटची तपासणी आणि पैशांचे वाटप यांवर लोकांचा विश्वास बसत होता. आपली साखर बहुतांशी ५० किलोच्या पोत्यातून व्यापाऱ्याकडे जाते. दुकानात पोते फुटले की ती कोणत्या कारखान्याची, हे गिऱ्हाइकाला कळतही नाही. आपले नाव रोज वाचतो तो आपला सभासदच.

सबब आमच्या सूचना अशा :

१) पावतीवर निव्वळ वजन सर्वांत वर, मराठी आकड्यांत, बोटभर मोठे छापावे, कागद टिकाऊ वापरावा.

२) बिलावर ऊस घातल्याच्या तारखा आणि प्रत्येक कपातीचे पूर्ण नाव द्यावे, हाती पडणारी रक्कम चौकटीत टाकावी.

३) मोबाईलवरचा वजनाचा संदेश मराठीत यावा.

४) नवा नमुना छापण्याआधी दहा सभासदांना वाचायला द्यावा. त्यांत साठीपुढचे असावेत, महिला सभासद असाव्यात. शेजारी बसलेल्या क्लार्कने काही समजावून सांगू नये. सभासद जिथे अडेल तिथे नुसती खूण करावी आणि तेवढा भाग बदलावा.

याला फार पैसा लागत नाही. गाळप सुरू होण्याआधी शेतकी आणि हिशेब विभागांनी एकत्र बसले तरी काम होईल. संचालक मंडळाने याचा विचार करावा आणि सभासदांनीही वार्षिक सभेत आपली जुनी पावती हातात घेऊन हा विषय मांडावा. बोधचिन्हाचे त्यानंतर खुशाल पाहू.