एसटीचा ड्रायव्हर चार हजारांवर, रेल्वेचा पगाराच्या निम्म्यावर : पेन्शनमध्ये एवढी तफावत कशी?

तालुक्याच्या डेपोतून पहाटेची गाडी काढणारा एसटीचा ड्रायव्हर आणि जवळच्या जंक्शनवरून रेल्वे हाकणारा लोको पायलट, दोघांचंही काम माणसं सुखरूप पोहोचवण्याचं. रात्रपाळी दोघांनाही, सणावाराला घराबाहेर दोघंही. पण रिटायर झाल्यावर दोघांच्या खात्यात पडणाऱ्या रकमेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एसटीवाल्याच्या घरात यावर नेहमी बोललं जातं, पण हिशेब कुणी नीट मांडत नाही.

एसटीचा हिशेब

एसटी कर्मचारी सरकारी नोकर नाही, महामंडळाचा नोकर आहे. त्याला लागू होते ती १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना, म्हणजेच ईपीएस-९५. यात पेन्शन काढायचं सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०.

मेख आहे ती 'पेन्शनपात्र पगार' या शब्दांत. हातात पगार कितीही येवो, योजनेत तो १५ हजारांपर्यंतच धरला जातो. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ ची. २०२५ संपेपर्यंत ती तिथेच होती. त्याआधीच्या नोकरीला तर साडेसहा हजारांचीच मर्यादा लागते.

समजा, एखादा कंडक्टर सप्टेंबर २००० मध्ये लागला आणि ऑगस्ट २०२६ मध्ये रिटायर होतोय. पहिल्या १४ वर्षांचे होतात १,३०० रुपये, पुढच्या १२ वर्षांचे साधारण २,५७०. वीस वर्षांपेक्षा जास्त नोकरीची दोन वर्षांची सवलत धरली तरी आकडा चार ते साडेचार हजारांच्या घरातच राहतो. त्यावर महागाई भत्ता नाही. आज ठरलेली पेन्शन दहा वर्षांनीही तेवढीच. मागे पत्नी राहिली तर तिला त्याच्या निम्मी.

रेल्वेचा हिशेब

२००४ च्या आधी रेल्वेत लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना शेअर बाजाराशी जोडलेली एनपीएस आली. त्याविरोधात वीस वर्षं आंदोलनं झाली. शेवटी २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने एकीकृत पेन्शन योजना, म्हणजे यूपीएस, मंजूर केली. १ एप्रिल २०२५ पासून ती लागू आहे. २५ वर्षं नोकरी झालेल्याला शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, त्यावर महागाईची वाढ, आणि मृत्यूनंतर जोडीदाराला पेन्शनच्या ६० टक्के. ६० हजार मूळ पगारावर रिटायर होणाऱ्याला ३० हजार आणि वर महागाई.

आवाज कुणाचा पोहोचला?

हा फरक नुसता केंद्र-राज्याचा नाही. पेन्शनवर सरकारशी बोलायला कोण बसतं, यावरही बरंच ठरतं. रेल्वे कामगारांचे महासंघ केंद्राच्या संयुक्त सल्लागार यंत्रणेत आहेत. यूपीएस ठरण्याआधी नेमलेल्या समितीसमोर त्यांनी बाजू मांडली. जुनी पेन्शन त्यांना मिळाली नाही, पण निम्म्या पगाराची हमी पदरात पडली. रेल्वेत कुठली युनियन मान्यताप्राप्त, हे कामगार गुप्त मतदानाने ठरवतात. असं मतदान डिसेंबर २०२४ मध्ये झालं, तेही २०१३ नंतर पहिल्यांदा.

एसटीत मान्यता ठरत आली ती राज्याच्या १९७१ च्या कायद्याने. सहा महिने किमान ३० टक्के सभासद दाखवायचे आणि औद्योगिक न्यायालयातून मान्यता घ्यायची. म्हणजे मतपेटी नाही, सभासद पावत्या. त्यात संघटना अनेक, डेपोडेपोत गट वेगळे.

ही ढिली वीण २०२१ मध्ये उघडी पडली. ऑक्टोबरअखेर संघटनांच्या कृती समितीने महागाई भत्त्यासाठी आंदोलन पुकारलं आणि मागणी मान्य होताच मागे घेतलं. कामगार मात्र मागे हटले नाहीत. त्यांना विलीनीकरण हवं होतं. साडेपाच महिने गाड्या डेपोत उभ्या राहिल्या. हजारो जणांवर बडतर्फीची कारवाई झाली. समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा अहवाल दिला आणि हायकोर्टाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये सगळे कामावर परतले. त्या काळात खेड्यातल्या पोरांची शाळा बुडाली, बाजारहाट वडापवर आला.

तेव्हा एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. विलीनीकरण झालं असतं, तरी नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन मिळालीच असती असं नाही, कारण त्या तारखेनंतरचे राज्य कर्मचारीही तेव्हा एनपीएसमध्येच होते. पेन्शनची मागणी विलीनीकरणाच्या घोषणेत विरघळून गेली.

खरा धोका थकलेल्या पैशांचा

ईपीएसमध्ये महामंडळाच्या वाट्यातून महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये जातात. बाकीचं सगळं पीएफमध्ये. म्हणून एसटीवाल्याच्या म्हातारपणाचा खरा आधार पेन्शन नाही, तर पीएफ आणि ग्रॅच्युइटीची एकरकमी रक्कम आहे. मुलीचं लग्न, घराचं छप्पर, कर्जाचा शेवटचा हप्ता, सगळं त्यावर. आणि जून २०२५ च्या श्वेतपत्रिकेनुसार महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर आहे. पीएफ-ग्रॅच्युइटीची देणीही थकलेली आहेत. एप्रिल २०२५ मध्ये तर मार्चचा पगार ५६ टक्केच झाला होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटीसाठी ५१ टक्के सभासदांची अट आहे. कुणाकडेच तेवढे नसतील तर २० टक्क्यांवरच्या संघटनांची परिषद. विखुरलेल्या एसटी कामगाराला यापुढे एकत्र येण्यावाचून गत्यंतर नाही. भाड्याने घेतलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांचे ड्रायव्हर ठेकेदाराचे आहेत. त्यांना या गणतीत कोण धरणार, हाही प्रश्न आहेच.

विलीनीकरणाची वाट पाहताना तीन मागण्या आजच लावून धरता येतात: ईपीएसची पगारमर्यादा वाढवा, कापलेला पीएफ महिन्याच्या महिन्याला भरा, आणि मान्यता गुप्त मतदानाने द्या. रिटायरमेंटला दोन-चार वर्षं उरलेल्यांनी पीएफचा उतारा, नोकरीची नोंदलेली वर्षं, जन्मतारीख आणि वारसाचं नाव आताच तपासून घ्यावं. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि उशीर झाला तर व्याजही मागता येतं. पण ते मागायला लेखी अर्ज लागतो, तोंडी तक्रार पुरत नाही.